मानेवरची सावली

"निघाली! बघा, सावली निघाली!"

चावडीसमोरच्या बास्केटबॉलच्या मैदानावर तीनेकशे माणसं एकदम उभी राहिली. मागच्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या कलंडल्या. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणी मुसमुसून रडायला लागलं. डॉन आर्सेनियोने उंच धरलेलं फडकं क्षणापूर्वी पांढरं होतं. आता ते काळंकुट्ट झालं होतं, दौतीत बुडवून काढावं तसं. त्याच्यासमोर लाकडी खोक्यावर माझी भाची यामिली उभी होती. वय तेरा. केस वर बांधून मान उघडी केलेली, डोळे घट्ट मिटलेले, कानाच्या पाळ्या लाजेने लालभडक.

"दुसऱ्याची वाईट नजर कुठे बसते?" डॉन आर्सेनियोने गर्दीला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "मानेवर! कारण तिथे आपल्याला दिसत नाही. तिथे बसून ही सावली काय करते? गोड मागते! आज एक गोड पाव, उद्या दोन. मग पायातलं बळ पिते. मग डोळ्यांतला उजेड पिते. शहरातले डॉक्टर हिला साखर म्हणतात. म्हणू देत बिचारे! मी हिला हिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, म्हणून ती माझ्याकडे येते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या बायकोने ते काळं फडकं चिमट्यात धरून लगेच शेगडीत टाकलं.

"नऊ रविवार," डॉन आर्सेनियो म्हणाला. "आणि या नऊ रविवारांत सुई नाही. रक्त तपासायला नाही, कशालाच नाही. सुईच्या भोकातून सावली आत शिरली, तर मग मला बोलवू नका!"

मी पहिल्याच रांगेत बसले होते. माझं नाव नीदेल्व्या कानुल. मी शिवणकाम करते. गावातल्या अर्ध्या बायकांचे इपिल, म्हणजे भरतकामाचे पांढरे झगे, आणि शाळेचे जवळजवळ सगळे गणवेश माझ्या मशीनवरून जातात. मला कुठलीही सावली निघताना दिसली नाही, फक्त फडकं काळं झालेलं दिसलं. पण ते काळं कसं झालं, हे मलाही कळलं नाही आणि मी गप्प बसले. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी फार शहाणी दिसेन.

खरं तर ही गोष्ट त्या मैदानावर सुरू झालीच नव्हती. ती सुरू झाली फेब्रुवारीत, शाळेच्या तपासणीत. आमच्या दवाखान्यात त्या वर्षी बेरेनीस नावाची नवीन डॉक्टरीणबाई आली होती. शिक्षण संपवून गावात एक वर्ष काढायचं असतं, त्यातली. तिने मुलांची वजनं घेतली, कमरा मोजल्या आणि यामिलीच्या मानेकडे बघून एक चिठ्ठी लिहिली: उपाशीपोटी रक्त तपासून घ्या.

माझी बहीण लांदी ती चिठ्ठी नाचवत माझ्या घरी आली.

"माझ्या पोरीची मान बघून डॉक्टरणीने चिठ्ठी दिलीय! म्हणजे आम्ही आंघोळ घालत नाही की काय? दिवसातून दोनदा अंगावर पाणी घेते ती. या गावात कोण घेत नाही?"

"तिने मळ म्हटलं का?"

"म्हणायला कशाला पाहिजे? वर्गातली पोरं म्हणतातच की. 'यामिली, मान घरी विसरलीस का?' म्हणतात." लांदीने चिठ्ठी चुरगळली. "मी काथ्याने घासते तिला, नीदे. रक्त येईपर्यंत घासते. जातच नाही."

मी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे सरकवली आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं.

"हा मळ नाही, ताई. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायला शरीरात इन्सुलिन असतं. पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्या की शरीर आणखी इन्सुलिन बनवतं, मग आणखी. ते जास्तीचं इन्सुलिन कातडीलाही वाढायला लावतं. म्हणून मानेच्या घडीत, काखेत कातडी जाड होते, काळसर आणि मखमलीसारखी. कधी बारीक चामखिळीसारखे मोड येतात. साखर वाढायच्या आधी, कधी कधी कित्येक वर्षं आधी, शरीर असं सांगायला लागतं. प्रत्येकाला सांगतंच असं नाही. काहींना काहीच दिसत नाही. पण दिसलं, तर रक्त बघायचं."

"म्हणजे तिला झालाय? मधुमेह?"

"कदाचित नाही. कदाचित उंबऱ्याच्या अलीकडे आहे. तिथून मागे फिरता येतं. म्हणून तर घाई करतेय. जेवल्यावर तिला गुंगी येते का? कंबर वाढलीय का वर्षभरात?"

यामिलीच्या गणवेशाचा स्कर्ट मी त्या वर्षात तीनदा उसवून मोठा केला होता. टेप माझ्याच हातात होती. पोर वाढतेय, असं मी स्वतःशी म्हणाले होते आणि तोंडात दोरा धरून पुढची शिवण घातली होती. उंची मात्र जेमतेम बोटभर वाढली होती.

लांदी रक्त तपासायला तयार झाली नाही. त्याचं कारण मला ठाऊक होतं. आमच्या वडिलांचा आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. शेवटी ते झोपाळ्यात पडून छताकडे बघत असायचे आणि त्यांना छतही दिसत नसे. लांदी तेव्हा यामिलीएवढीच होती. त्यांच्या जखमेची पट्टी तीच बदलायची. साखर हा शब्द ऐकला की ती खोलीतून उठून जाते. शाळेच्या फाटकाशी ती एम्पानादा, करंजीसारख्या तळलेल्या, आणि गार सरबतं विकते. उरलेलं सरबत घरी येतं आणि पाण्याऐवजी तेच प्यायलं जातं. तिचा नवरा किनाऱ्याकडे हॉटेलांच्या बांधकामावर असतो, महिन्यातून एकदा येतो. सगळं तिच्यावरच.

अशा बाईला कुणी सांगितलं की तुझ्या मुलीला रोग नाही, नुसती नजर लागलीय, आणि ती मी फडक्याने पुसून काढतो, तर ती काय करील? मी लांदीला हसत नाही. डॉन आर्सेनियोला बरोबर ठाऊक होतं की लोक कशाला घाबरतात.

गावोगाव सावल्या काढत फिरणारा तो, मार्चमध्ये आमच्याकडे आला. दुसऱ्या रविवारी यामिलीची मान खरोखरच उजळ दिसत होती. लांदीने मला ओढत उजेडात नेलं. "बघ! आता बोल!" मान लालसर होती, चोळल्यासारखी. गुरुवारी ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. गावातल्या आणखी तीसेकजणांच्या मानांचंही तसंच झालं, पण दर रविवारी फडकं काळं व्हायचं आणि तेवढ्यावर आठवडा निघायचा. म्हाताऱ्या डोन्या मिर्सेने तर साखरेच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्या. मी तिला बोलायला गेले तर म्हणाली, "तुला काय कळतंय, पोरी? माझ्या डोळ्यांसमोर निघाली ती."

त्याच सुमारास डॉन आर्सेनियोची बायको माझ्याकडे आली. तिला पांढऱ्या मलमलीची चौकोनी फडकी हवी होती, कडा शिवलेली. मी शिवून दिली. काम हे काम, असं मी मनाला समजावलं.

पाचव्या रविवारी यामिली पुन्हा खोक्यावर उभी होती. डॉन आर्सेनियोने बोटं त्याच्या काचेच्या वाडग्यात बुडवली, मंत्रलेलं पाणी तिच्या मानेला लावलं, फडकं फिरवलं. काळं झालं. मग त्याने आंबट संत्र्याची फोड घेऊन मान पुसली आणि मोठ्याने उसासा टाकला.

"निघतेय, पण परत येतेय. का? कारण घराच्या जवळ कुणीतरी आहे. ज्या बाईची कूस रिकामी असते, तिची नजर दुसऱ्याच्या लेकरावर थांबते. तिचा दोष नाही. पण थांबते."

सगळे डोळे माझ्याकडे वळले. मला मूल नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी लांदीकडे बघितलं. ती आपल्या चपलांकडे बघत होती.

घरी जाताना तिने मला आपल्या घराच्या फाटकातच अडवलं.

"नीदे, थोडे दिवस येऊ नकोस."

"लांदी, तू हे खरं मानतेस?"

"मी काही मानत नाही. मी फक्त म्हणतेय, चार रविवार राहिलेत. तेवढे होऊ देत." आणि मग, अगदी हळू, "तू तिला सारखी जवळ घेतेस. मला काय माहीत तुझ्या मनात काय येतं ते?"

मी परत आले आणि मशीनपुढे बसून राहिले. रडले की नाही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की समोर त्याच मलमलीचा उरलेला तुकडा पडला होता आणि मी त्याच्याकडे एकटक बघत होते. तुकडा बर्फासारखा पांढरा होता. आणि मघाशी मैदानावर पाहिलेलं फडकं, पुसण्याआधीचं, दुधाळ होतं. किंचित पिवळसर. माझं कापड मी ओळखते. हे माझंच कापड होतं, पण मधे कशात तरी बुडवून वाळवलेलं.

मग मला आई आठवली. आमच्या लहानपणी गावात कुणी गेलं की लोक घरातले पांढरे कपडे घेऊन आईकडे यायचे, दुखवट्यासाठी काळे करून घ्यायला. आई हाबीनच्या झाडाची साल उकळायची. त्या पाण्यात कपडा नुसता पिवळट व्हायचा. मग तो दुसऱ्या मडक्यात टाकायची. त्यात गंजके खिळे महिनोन् महिने आंबत पडलेले असायचे. ते पाणी जवळजवळ नितळ असायचं. पण त्यात तो पिवळट कपडा पडला की डोळ्यांदेखत काळा होत जायचा. आम्ही पोरी तोंड उघडं टाकून बघायचो. आणि आईच्या हाताला लागलेला काळा डाग कशाने जायचा? आंबट संत्र्याने.

परड्यात हाबीनचं झाड अजून आहे. मी सोमवारी साल काढली, उकळली, मलमल भिजवून वाळवली. खिळे व्हिनेगरमध्ये घालून ठेवले. शुक्रवारी मी ते पाणी मनगटाला लावून वाळलेलं फडकं फिरवलं. काळंभोर! माझ्या मनगटावर कुणाची नजर बसली होती? हसू आलं. आणि मग हसता हसता राग आला.

सहाव्या रविवारी मी पिशवीत एक पांढरी बशी घेतली आणि मैदानावर गेले. डॉन आर्सेनियोने नजरेची गोष्ट काढायच्या आतच मी उठले.

"डॉन आर्सेनियो, माझ्यामुळे पोरीची सावली जात नाही ना? मग आधी माझी काढा."

तो खूश झाला. "बघा! पश्चात्ताप! या, बहीणबाई, या!"

मी खोक्याजवळ गेले आणि पिशवीतून बशी काढली. "पण आधी हिची."

"कुणाची?"

"या बशीची. कुणीतरी हिच्यावर जळतंय वाटतं." मी त्याच्या वाडग्यात बोटं बुडवली, पाणी बशीला चोपडलं, आणि त्याच्या बायकोपुढच्या ढिगातून एक फडकं उचललं. तिने हात पुढे केला. "राहू द्या हो," मी म्हणाले, "मीच शिवलीत ही."

फडकं बशीवर फिरलं आणि काळं झालं. कुणीतरी खुदकन हसलं.

डॉन आर्सेनियो डगमगला नाही. "बशी हिच्या घरची! हिच्या घरातल्या भांड्यांतही मत्सर मुरलाय, बघा!"

"बरं. मग तुमच्या घरचं काहीतरी घेऊ." मी त्याचं मनगट धरलं. शिवणकाम करणाऱ्या बाईची पकड त्याला ठाऊक नसावी. पाणी लावलं, दुसरं फडकं फिरवलं. तेही काळं. मी ते उंच धरलं, अगदी त्याच्यासारखं. "निघाली! बघा, डॉन आर्सेनियोची सावली निघाली! तुमच्यावर कोण जळतं, महाराज?"

आता कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतून डोन्या एउलोख्या काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची बाई. तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"हा दुखवट्याचा वास आहे," ती म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा तुझ्या आईने माझा इपिल काळा करून दिला होता. महिनाभर हाच वास होता अंगाला."

मग मी सगळं सांगितलं. फडक्यात साल, पाण्यात लोखंड, दोन्ही भेटले की काळं. वर आंबट संत्रं चोळलं की डाग साफ आणि चोळल्यामुळे कातडी दोन दिवस लाल. फडकी लगेच जाळायची, म्हणजे कुणी वास घ्यायला नको. म्हाताऱ्या बायका माना हलवायला लागल्या. त्यांना ठाऊक होतंच हे. पन्नास वर्षं ठाऊक होतं. फक्त कुणी तिकडे बघत नव्हतं.

"श्रद्धा नसली की देवही हात काढून घेतो!" डॉन आर्सेनियो ओरडला, पण त्याची बायको एव्हाना वाडगा रिकामा करून सामान गाडीत भरत होती.

आणि तेव्हा यामिली उठली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने ढिगातलं एक फडकं घेतलं, आपल्या शाळेच्या बाटलीतलं साधं पाणी त्यावर ओतलं आणि सगळ्यांसमोर स्वतःची मान जोरजोरात घासली. फडकं उलगडून बघितलं. दुधाळ होतं तसंच राहिलं होतं.

"मावशी," ती मला म्हणाली, "काहीच निघालं नाही."

"नाही गं."

"मग माझ्या मानेवर हे आहे तरी काय?"

डॉन आर्सेनियोची गाडी धूळ उडवत निघून गेली. दोन-तीन बायका तिच्यामागे धावल्याही, उरलेल्या रविवारांचं काय म्हणून विचारत. एकजण जाता जाता मला म्हणाला, "बरं वाटत होतं आम्हाला. तुला काय मिळालं?"

सोमवारी सकाळी मी लांदी आणि यामिलीबरोबर उपाशीपोटी दवाखान्यात गेले. लांदी माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने माझा दंड धरला होता. यामिलीने हात पुढे केला आणि सुईकडे टक लावून बघत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "लांदीताई, तुमचंही घेते."

"माझं कशाला?"

"केस जरा वर घ्या."

लांदीने सावकाश केस उचलले. तिची मान यामिलीपेक्षा काळी होती, घडीघडीला बारीक मोड आलेले. मी तिची सख्खी बहीण. वर्षानुवर्षं तिच्या कपड्यांचे गळे मी शिवत आले आणि ती दर वेळी म्हणायची, मागून जरा उंच ठेव. मी ठेवत आले.

यामिलीची साखर एकशे बारा निघाली. "उंबऱ्याच्या अलीकडे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सरबत बंद, पाणी सुरू. रोज तासभर खेळ. गोड पाव सणाला. तीन महिन्यांनी परत बघू. ही पोर मागे फिरू शकते."

"आणि माझी?" लांदीने विचारलं.

डॉक्टरीणबाईने कागद टेबलावर पालथा ठेवला. "तहान फार लागते का, ताई? वारंवार लघवीला जावं लागतं? कुठे जखम आहे, भरत नाही अशी?"

लांदीने उजवी चप्पल काढली. बोटांना कळकट पट्टी होती. पट्टी बांधायची तिची पद्धत मी लगेच ओळखली. वडिलांच्या पायाला ती तशीच बांधायची.

"किती दिवसांची आहे?"

"तो आला त्याच्या आधीची," लांदी म्हणाली. "मीही जात होते त्याच्याकडे. मैदानावर नाही, चावडीच्या आतल्या खोलीत. तो म्हणाला, तुझी सावली जुनी आहे, वेळ लागेल. सुई टोचून घेऊ नकोस." आणि मग ती माझ्याकडे वळली. "नीदे, मी पण उंबऱ्याच्या अलीकडेच होते का गं? फेब्रुवारीत?"

मला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईलाही माहीत नव्हतं. ते आता कुणालाच कळणार नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. लांदी औषधं घेते. तिचा पाय वाचला, दोन बोटं गेली. यामिलीची साखर खाली आली आहे. मानेचा रंग थोडा फिका झालाय, पूर्ण गेलेला नाही, आणि पोरं अजून चिडवतात. डोन्या मिर्सेला एका डोळ्याने दिसत नाही. डॉन आर्सेनियो आता कुठल्या गावात आहे, मला ठाऊक नाही. पण कुठेतरी असेलच.

म्हणून हे सांगतेय. तुमच्या घरात कुणाची मान, काख काळवंडली असेल, कंबर उंचीपेक्षा वेगाने वाढत असेल, जेवल्यावर डोळे मिटत असतील, घरात आधी कुणाला साखरेने नेलं असेल, तर त्या माणसाला घाणेरडं म्हणू नका आणि शापितही म्हणू नका. काथ्या खाली ठेवा. कदाचित काही नसेलही. पण ते फडक्यावर कळत नाही, रक्तात कळतं. आणि कुणी तुम्हाला काहीही काढून दाखवलं, काळं, पांढरं, केस, खिळे, तर टाळी वाजवायच्या आधी एकदा त्याचं फडकं आणि त्याचं पाणी मागून घ्या, आणि घरच्या बशीवर फिरवून बघा. देणार नाही म्हणाला, तर तेच उत्तर समजा आणि उठून थेट दवाखान्यात जा. उपाशीपोटी जा. उद्याच जा.